विमानाच्या उंचीचा सौदा

घाटंजीला बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर ओळखीची चार माणसं बसलेली असतात. त्यातला एक तरी मला पाहून म्हणतोच, "या शेट! साळ्याचं विमान पाडणारे आले, जागा द्या रे त्याहिले." सगळे हसतात. कधी मीही हसतो, पण बहुतेक वेळा डोकं फिरतं आणि कपातला चहा तसाच सोडून मी दुकानात येऊन बसतो. विमान मी पाडलं नाही, ते बगळ्याने पाडलं. मी फक्त ते किती उंच जाईल याचा सौदा केला होता, आणि तो केला नसता तर आज टपरीवर हसण्यासारखं काही उरलं नसतं. हे तोंडाने सांगून सांगून थकलो. कोणी पूर्ण ऐकत नाही, मधेच बगळ्यासारखे हात हलवून दाखवतात. म्हणून लिहून ठेवतो.

माझा धंदा जुन्या इंजिनांचा आणि सुट्या भागांचा. वडिलांनी काही ठेवलं नव्हतं. सायकलच्या मागे पोतं बांधून मी गावोगाव मोडके पंप गोळा करत फिरलो, त्यातून हे टिनाचं शेड उभं राहिलं. शाळेत जे शिकायला मिळालं नाही ते बैलबाजारात शिकलो. घेताना वस्तूची खोट काढायची, विकताना तिचे गुण सांगायचे, आणि सकाळी जिची खोट काढली तिचेच गुण संध्याकाळी सांगताना चेहरा हलू द्यायचा नाही. मला राग लवकर येतो हे खरं आहे, पण सौदा चालू असताना कधी येत नाही. तो नंतर येतो.

माझा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, बाभुळगावला वेल्डिंगचं काम करतो. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. हात चांगला आहे, डोकं त्याहून चांगलं आहे, फक्त ते जमिनीवर राहत नाही. आईवडील गेले, बहीण एकच, ती माझ्या घरात. लग्न झालेलं नाही. मुलगी पाहायला गेला की चहा येईपर्यंत नीट बसतो आणि चहा आला की पंखाखाली हवा कशी दाबली जाते ते मुलीच्या बापाला बशीवर समजावून सांगतो. एका बापाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोट्टा चांगला आहे, पन त्याले काही औषध चालू आहे का?"

गेल्या उन्हाळ्यात तो दुकानात आला आणि कोपऱ्यातल्या एका इंजिनाभोवती फिरायला लागला. जुन्या व्हॅनचं इंजिन होतं, हलकं, आवाजाला गोड.

"भाऊजी, हे कितीले देसान?"

"तुले कायले पाहिजे?"

"हाय एक काम."

"चक्की लावतं का?"

"तसंच समजा. पंखा फिरवाचा हाय."

मी समजलो, धान्य उफणायचा मोठा पंखा असेल. मग आमची दुपार त्यात गेली. त्याने त्या इंजिनाच्या अशा खोट्या खोटी काढल्या की मला त्याचा अभिमान वाटला. तो दोनदा रागावून मोटरसायकलपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. मी नातं मधे येऊ दिलं नाही, त्यानेही दिलं नाही. शेवटी इंजिन टेम्पोत चढलं तेव्हा दोघांनाही वाटत होतं की आपण समोरच्याला गुंडाळलं. अशा सौद्यानंतर जेवण चांगलं जातं.

पावसाळा संपता संपता बायको बाभुळगावला जाऊन आली. आल्या आल्या पिशवी जमिनीवर आपटली.

"तुमी बाबूले इंजिन विकलं?"

"विकलं. चांगलं विकलं."

"काहून विकलं?"

"अवं, इंजिनाचं दुकान आहे माझं. दुकानात येऊन कोणी इंजिन मागतलं तं काय लाडू देऊ?"

"तो विमान बनवून राह्यला!" ती ओरडली. "बसाचं विमान. सोता बसाचं. माह्या एकुलत्या एका भावाले तुमी मराचं सामान विकलं, अन् वरतून नफा काढला!"

मी म्हटलं, होणार काय आहे, दोन दिवसांचं खूळ आहे. ती शांत झाली. ती ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही, शांत झाली की वाटते. म्हणाली, "त्याले काही झालं न, तं मी या घरात पानी पेनार नाई. सांगून ठेवते." आणि पिशवीतून भावाने दिलेली सीताफळं काढून टोपलीत मांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी बाभुळगावला गेलो. वर्कशॉपच्या मागे गेट आणि जाळ्यांच्या पसाऱ्यात ते उभं होतं. खरं सांगतो, मनात आधी आलं ते हेच, की छान दिसतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, स्कूटरची तीन चाकं, पंखांवर पॅराशूटचं कापड ताणून बसवलेलं. बसायला प्लास्टिकची खुर्ची, पाय कापलेली. पुढे माझं इंजिन, आणि इंजिनाच्या नाकावर सागवानाचा पंखा, जंगलाच्या बाजूच्या एका सुताराकडून तासून आणलेला, तेल पाजून असा चकचकीत केला होता की हात फिरवावासा वाटला. नंतर मनात आलं की खुर्चीसमोर काच नाही. काहीच नाही. पंखा, इंजिन, आणि मग थेट माझ्या साळ्याचं तोंड.

"इंजिन वापस दे," मी म्हटलं. "घेतलं त्याच किमतीत घेतो."

"आता ते भंगाराचं इंजिन नाही राह्यलं भाऊजी," तो पंखा पुसत म्हणाला. "आता ते विमानाचं इंजिन हाय. विमानाच्या इंजिनाचा भाव येगळा."

हे मीच त्याला शिकवलेलं. मी भाव वाढवला, त्याने मान हलवली. आणखी वाढवला, त्याने चहा मागवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या वस्तूसाठी वर वर चढत होतो आणि समोरचा विकतच नव्हता.

"परवानगी घेतली का?"

"उडवाले लागते भाऊजी. मी तं पयले पळवूनच पाहतो."

"चालवता तरी येते का?"

येत होतं म्हणे थोडंसं. दोन वर्षांपूर्वी तो परराज्यात कोणाच्या तरी छोट्या विमानात मागे बसून शिकून आला होता. आम्हाला सांगितलं होतं, मित्राच्या लग्नाला चाललो.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. वस्तूचा भाव पाडायचा असेल तर तिची खोट माहीत पाहिजे. साळा मोबाइलवर विमानं उडण्याचे व्हिडिओ पाहायचा, मी पडण्याचे पाहायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की हेच. घरी बनवलेली छोटी विमानं जगात किती ठिकाणी पडतात! आधी मला वाटायचं, पडणारी माणसं अडाणी असतील. तसं नव्हतं. हुशार, सावकाश काम करणारी, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासणारी माणसं होती. एका थंड देशातला म्हातारा मला अजून आठवतो. नोकरीतून मोकळा झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये त्याने वर्षानुवर्षं विमान जोडलं. पंखाला कापड चिकटवताना दुसरं टोक त्याची बायको धरून उभी. चांगल्या हवेच्या सकाळी तो उडाला, वर चढताना समोर पक्षी आला, काच फुटली, इंजिन अडखळलं. पुढे मोकळं रान होतं, सरळ गेला असता तर कसंतरी उतरला असता. पण माणसाला घराकडे वळावंसं वाटतं. तो वळला, वेग कमी पडला, एक पंख खाली गेला. संपलं. मी आवाज बंद करून पाहत होतो. त्या बाईचं पुढे काय झालं ते व्हिडिओत नव्हतं.

पक्ष्याचं मला आधीच माहीत होतं. एकदा यवतमाळच्या रस्त्याने मोटरसायकलवर जोरात येत होतो. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवरून पारव्यांचा थवा उठला आणि त्यातला एक माझ्या छातीवर आदळला. एक साधा पारवा, आपल्या अंगणात दाणे टिपतो तो. गाडी रस्त्याच्या कडेला गेली, श्वास परत यायला वेळ लागला, आणि छातीवर काळानिळा डाग कितीतरी दिवस राहिला. कोणी विचारलं तर मी सांगायचो, ट्रकने कट मारला. पारव्याने मारलं म्हणून कसं सांगणार?

हे मी साळ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाखरं बाजूले होतात भाऊजी. त्याहिले डोळे असतात."

"पारव्याले नव्हते का?"

"तुमचा हॉर्न खराब असंल."

विमान पळवायला जागा त्याला बंजाऱ्यांच्या एका तांड्यावर मिळाली होती, घाटंजीच्या रस्त्याला लागून. तांड्याच्या मागे लांब, सपाट, मुरमाड पडीत होतं, गुडघाभर गवत वाढलेलं. तांड्याचा नायक म्हातारा माणूस, मोठा फेटा, मोठ्या मिशा. आमची ओळख बैलबाजारातली. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, नायकजी, जागा देऊ नका.

"शेटजी, जबान दिली तं दिली," तो म्हणाला. "आमच्या बापदाद्यांनी बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलुख पालथा घातला. आता तांड्यातून विमान उठन. मी नाही कसा म्हनू? मले तं वाटते मांगं एक गोणी लादून पाहावं."

"पोट्टा मरन तुमच्या वावरात."

त्याने खाटेवर मला जागा करून दिली आणि मिशीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "नाही म्हनाल तं तो ऐकनार नाही. तो दुसरं वावर पाहीन. तुमी सौदागर आहात न? मंग सौदा करा."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूच्या माणसाला काही कळत नाही, दोघांची लाज राहते, आणि कापडाखाली हातावर हात पडला की सौदा झाला. तो मोडणाऱ्याला पुन्हा बाजारात कोणी हात देत नाही. आता तो रिवाज कमी झाला, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवतात. पण नायकाकडे उपरणंही होतं आणि हौसही.

साळ्याला बोलावलं. निंबाखाली खाट टाकली. नायक मधे बसला.

"भाव कायचा?" साळ्याने विचारलं. "इंजिन मी विकत नसतो."

"उंचीचा," मी म्हटलं. "किती वर जासीन त्याचा."

तो हसायला लागला. पण नायकाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हसू गिळलं. मग माप कशात धरायचं यावर वाद झाला. तो फुटात बोलत होता, नायकाला फूट पटत नव्हते. शेवटी नायक म्हणाला, "विहीर कशात मोजतेत? पुरुषात. एक बोट म्हंजे एक पुरुष. खाली जाचं माप आहे, तेच वर जाचं." म्हणजे हात वर करून उभ्या माणसाएवढं एक माप. आमच्याकडे कोणी विहिरीची खोली दुसऱ्या कशात सांगतच नाही.

उपरणं पडलं. साळ्याने माझा हात धरला आणि दोन्ही पंजे दाबले. दहा पुरुष. मी मूठ दिली, म्हणजे शून्य. त्याने आठ केलं. मी मूठ तशीच ठेवली. बाहेर आमचे चेहरे दगडासारखे, आणि आत बोटांची मारामारी. तो सातवर आला, मी एक बोट दिलं. तो म्हणाला, "एका पुरुषात चाकंच उठत नाहीत." नायक ओरडला, "तोंडानं नाही!" सहा. एक. पाच. एक. मी हात काढून उठलो, चपला घातल्या, रस्त्यापर्यंत गेलो. त्याने बोलावलं नाही. हे मला अपेक्षित नव्हतं, मीच परत आलो. तेव्हा त्याचा हात घामाने ओला होता. मला कळलं की त्यालाही भीती वाटते. दहा पुरुष त्यालाही नकोच होते, फक्त कमी करणारं कोणीतरी पाहिजे होतं. मी दोन बोटं दिली आणि दाबून धरली. मग त्याचा पंजा माझ्या पंजावर पडला.

"दोन पुरुष," नायकाने उपरणं झटकत जाहीर केलं.

"अन् सरळ रेषेत," मी म्हटलं. "वळाचं नाही. काही झालं तरी घराकडे वळाचं नाही. अन् विमान पळवाच्या पट्टीवर पाखरू नाही पाहिजे."

"पाखराचं माह्याकडे," नायक म्हणाला. "बायकाहिले थाळ्या देऊन उभं करतो. ज्वारीवरच्या चिमण्या हाकलतेत, तसं."

दिवाळीनंतर, सोयाबीन निघून गेल्यावरच्या एका सकाळी सगळे जमलो. हवा गार, धुकं विरलेलं, ऊन कोवळं. तांड्यावरचं कोणी घरी राहिलं नव्हतं. विमानाला हार घातला, नारळ फोडला, तिन्ही चाकांखाली लिंबू ठेवलं. नायकाने सागवानी पंख्याला कुंकू लावलं. साळा मोटरसायकलचं हेल्मेट घालून सगळ्यांच्या पाया पडत फिरत होता. माझ्याही पडला. मी म्हटलं, "दोन." तो म्हणाला, "दोन, भाऊजी."

गवताने चाकं अडतील म्हणून त्याने भल्या सकाळी ट्रॅक्टर लावला होता. मागे पातं लावून पट्टीवरचं गवत खरडून काढलं, मुरूम सारखा केला. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस शेतकऱ्याच्या घरचा होता. प्रत्येकाने जन्मभर पाहिलं आहे की वावरात ट्रॅक्टर फिरला की मागे बगळे येतात. गवतातले नाकतोडे उडतात, आणि ते टिपायला पांढऱ्या बगळ्यांची रांग लागते, जशी पंगत बसते. एकालाही ते सुचलं नाही. उलट पट्टीच्या त्या टोकाला पांढरे ठिपके उतरलेले पाहून कोणीतरी म्हणालं, "शुभ आहे." बायका थाळ्या घेऊन दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, पण त्या विमानाकडे पाहत होत्या.

बायको माझ्यासोबत आली होती. तिने डबा भरून आणला होता, भाऊ उतरल्यावर खाईल म्हणून. पण ती पाहायला तयार नव्हती. पट्टीकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, डबा छातीशी धरून उभी राहिली.

"मले सांगत राहा," ती म्हणाली.

इंजिन सुरू झालं. माझं इंजिन, पहिल्या झटक्यात. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"काय झालं?"

"सुरू झालं."

"आता?"

"निंघाला. पळते आहे."

धूळ उठली. विमान आधी बैलगाडीसारखं डुलत गेलं, मग डुलणं थांबलं. नाक उचललं. आणि मग चाकांखाली उजेड दिसला. बोटभर, हातभर, मग माणसाएवढा. तांड्यावरून जो आवाज उठला तो मी कधी ऐकला नव्हता.

"उठलं का?" बायकोने विचारलं. तिचे खांदे कानाला लागले होते.

"उठलं."

"कितीक?"

"एक पुरुष. दोन. दोनवरच आहे. सौदा पाळला त्यानं."

माझ्या आवाजात काय होतं कोणास ठाऊक, पण ती वळायला लागली. तेवढ्यात पट्टीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका बाईला बगळे दिसले, आणि तिने कामाला लागावं तशी जोरात थाळी बडवली. तिच्या मागोमाग सगळ्यांनी. तो अख्खा पांढरा थवा उठला आणि बरोबर दोन पुरुषांवर आला.

मी सांगायचं थांबवलं.

काड असा आवाज झाला, सुकं लाकूड फोडताना होतो तसा. पांढरी पिसं उडाली. सागवानाचा एक तुकडा चकाकत वर गेला. इंजिन मोकळं ओरडलं आणि बंद पडलं. विमान वळलं नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं, त्याने नाक सरळ ठेवलं. पुढचं चाक आधी टेकलं, मोडलं, मग सगळं धुळीत गेलं.

बायको डबा टाकून पळाली. मला वाटलं नव्हतं ती इतकी पळू शकते. मी पोचलो तोवर ती धुळीत बसून भावाचं हेल्मेट ओढत होती आणि त्याला मारतही होती, आणि तो म्हणत होता, "ताई, खांदा! खांदा! तिकडं मार." मग मला पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, बगळा?"

बगळा मेला होता. नायकाने त्याला उचलून निंबाखाली नेला.

यवतमाळला नेईपर्यंत गाडीत आमचं जे भांडण झालं ते ऐकून ड्रायव्हरने दोनदा गाडी हळू केली. साळा खांदा धरून पुढे, मी, बायको आणि नायक मागे.

"धा पुरुष दिले असते तं बगळे खाली राह्यले असते," साळा म्हणाला. "तुमच्या दोन पुरुषानं घात केला."

"धा पुरुषावरून पडला असता तं गाडीत बसून बोलला असता का रे? अन् ट्रॅक्टर कोनं लावला? बगळ्याहिले आवतन कोनं देलं?"

"ट्रॅक्टरनं ते बसले होते! चुपचाप खाऊन राह्यले होते! उठवलं थाळीनं!"

दोघांनी नायकाकडे पाहिलं. नायक मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पाखरू नाही पाहिजे हे कोन म्हने? मी सौद्यातली अट पाळली. थाळी तं वाजाचीच होती."

"पन तवाच?"

"मंग काय पाखरू नसताना वाजवाची?"

मग बायको म्हणाली, "आता जो बोलंल त्याले मी गाडीतून उतरवीन."

दवाखान्यात डॉक्टरने एक्स-रे पाहिला. गळ्याजवळचं हाड आणि मनगट. "कशावरून पडले?" त्यांनी विचारलं. साळा म्हणाला, विमानातून. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "किती उंचीवरून?" मी, साळा आणि नायक, तिघं एकदम म्हणालो, "दोन पुरुष." डॉक्टर यवतमाळचेच, वऱ्हाडातले असावेत, कारण त्यांनी लगेच मान हलवली. म्हणाले, "नशीब. याच्या वर असतं तर मी एक्स-रे पाहत बसलो नसतो."

हे वाक्य मी घाटंजीतल्या प्रत्येकाला सांगितलं आहे. डॉक्टरने सांगितलेलं आहे. तरीही टपरीवर काय चालतं? मी साळ्याला उंच जाऊ दिलं नाही, म्हणून बगळे आडवे आले. मी कंजूष आहे, मी आभाळातही घासाघीस केली. सासरकडच्या चुलत्यांनी तर विमानाचा फोटो घरात लावला आहे. त्यात साळा आहे, नायक आहे, नारळ फोडणारा माणूस आहे, आणि माझी फक्त कोपरापासूनची बाही आहे. कोणी असं म्हणत नाही की या माणसाने आठ पुरुष वाचवले. आठ पुरुष! मेलेला जावई असता तर चांगला म्हणाले असते, जिवंत जावयाची किंमत नाही. याचा मला राग आहे आणि तो राहील.

बायकोने मात्र पाणी पिणं सोडलं नाही.

साळ्याला एकट्याला बाभुळगावला ठेवता येत नव्हतं, म्हणून तो आमच्याकडे आहे. महिना होत आला. टीव्हीचा रिमोट त्याच्याकडे असतो. भाजीत तिखट कमी आहे असं तो बहिणीला सांगतो आणि ती दुसऱ्या दिवशी वाढवते. मी वीस वर्षं सांगत होतो. दुकानात येऊन बसतो आणि गिऱ्हाइकांना बगळ्याची गोष्ट सांगतो. त्यात दर वेळी बगळे वाढतात आणि मी आणखी वाईट होतो. गिऱ्हाईक मात्र वाढलं आहे, हे मान्य करावं लागेल.

एक हात गळ्यात बांधलेला, मनगटाला प्लॅस्टर, त्यामुळे त्याला शर्ट घालता येत नाही. बायको सकाळी स्वयंपाकात असते. ते काम माझ्याकडे आलं. रोज मी त्याची बाही चढवतो, पाठीवरून शर्ट ओढतो, समोर उभा राहून बटणं लावतो. आम्ही एवढ्या जवळ कधी उभे राहिलो नव्हतो, भांडायलासुद्धा नाही. तो इकडेतिकडे पाहतो, मी बटणाकडे पाहतो.

काल म्हणाला, "भाऊजी, हळू न. गुदगुल्या होतात."

"गप उभा राह्य."

"तुमच्या हाताले ग्रीसचा वास येते."

"मंग नागडा फिर बाजारात."

तो हसायला लागला. हसताना त्याचा खांदा दुखला, म्हणून हसत हसत कण्हायला लागला, आणि त्याची छाती माझ्या बोटांखाली वरखाली होत राहिली. आतून बायकोने ओरडून विचारलं, किती वेळ लागते त्या चार बटनाहिले, पोहे थंडे होऊन राह्यले. मी म्हटलं, येतो. आणि वरचं बटण, जे तो कधी लावत नाही, तेही लावून दिलं.